चिंचोक्यांनी मोजलेले चावे

अन्याय झाला तो पेणच्या बाजारात मासळी विकणाऱ्या एका बाईवर. केव्हा झाला तेही सांगते, कारण असल्या गोष्टी पुढे "कधीतरी, कसल्याशा गैरसमजातून" अशा गुळगुळीत करून टाकतात. भातकापणी चालू होती. मंगळवार होता आणि सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. जागा रोह्यातली, पाइप आणि मोटारींच्या एका दुकानाच्या डोक्यावरची खोली. खोलीत तिघं होतो: ती बाई, शहरातून आलेले सर, आणि मी. सर तिला म्हणाले, "तुम्ही खोटं मोजता." बाई उभी होती. मी खुर्चीत बसले होते आणि बसूनच राहिले. वेळ इतकी नेमकी माहीत आहे, कारण दोघांपैकी कुणाच्या तोंडाकडे बघायला नको म्हणून मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

खोटं मोजते, हे त्या बाईला म्हणणं म्हणजे काय, ते सरांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. पेणच्या बाजारात खाडीकडच्या बायकांची रांग बसते. सुके बोंबील तिथे शेकड्यावर जातात. घेणारी आधी वास घेते, मग भावावरून भांडते, मग पिशवीत पडलेले बोंबील तिथेच उकिडवं बसून पुन्हा मोजते. यात कुणी कुणाचा अपमान समजत नाही, रीतच आहे. फक्त रांगेच्या टोकाला एका जागी कुणी परत मोजत नसे. ती जागा हिची. शेजारच्या दोघींत मोजणीवरून जुंपली तर तिसरी ओरडायची, "गो, काकीपुढं टाक ते, ती सांगंल." आणि काकीने सांगितलेला आकडा शेवटचा.

तिची मोजायची पद्धत मी लहानपणापासून बघत आलेय, कारण आमच्या रामवाडीतल्या घरात पावसाळ्याची बेगमी तिच्याकडूनच यायची. पाच बोंबलांचा एक हात, वीस हातांचा शेकडा. दर हाताला लुगड्याच्या ओटीतून एक चिंचोका काढून मांडीवरच्या फडक्यावर ठेवायचा. तोंडाने गिऱ्हाइकाशी भांडण चालू, डोळा मासळीवर, आणि मोजणी सगळी हाताची. मध्येच तिला सून आजारी असल्याचं विचारा, पावसाचं विचारा, ती सविस्तर उत्तर देईल आणि आकडा हलणार नाही. वीस चिंचोके झाले की फडकं झटकायचं, चिंचोके परत ओटीत.

आता माझं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी पत्रकं लिहिणारी मुलगी. खारजमिनीचा बांध फुटून खाडीचं पाणी भातात शिरलं की मोर्चाचं पत्रक माझ्याकडे येतं. कॉलेजात असल्यापासून लिहितेय. "अन्याय" हा शब्द मी झोपेतही ठळक अक्षरात लिहू शकते. प्राणिशास्त्राची पदवी घेतली आणि घरात बसायला नको म्हणून रोह्याच्या त्या खोलीत निरीक्षक म्हणून लागले. प्रकल्पाचं नाव इतकं लांब होतं की दारावरच्या कागदावर दोन ओळी लागल्या होत्या. मतलब एवढाच: एका माशाच्या जागेत दुसरा मासा आला तर पहिला किती चवताळतो, ते मोजायचं. दहा मिनिटांत किती वेळा चावतो, किती वेळा अंगावर धावून जातो, पर किती वेळ फुलवून धरतो. चावा, धाव, पर. तीन रकाने.

मासे पेणच्या खाडीतले आणि संशोधन रोह्याला, हे का, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. उत्तर असं की सरांच्या ओळखीच्या कुणाची तरी ही खोली रिकामी पडली होती. विज्ञान कुठे करायचं ते अशा रीतीने ठरतं. सर पंधरवड्यातून दोन दिवस यायचे. बाकीचे दिवस फोनवर असायचे.

मासा निवडला होता कालुंदर. चपटा, हिरवट अंगाचा, वर मोत्यासारखे ठिपके. खाजणात, खाडीच्या कडेच्या तळ्यांत जोडीने राहतो, दगडाच्या किंवा खांबाच्या आडोशाला अंडी घालतो आणि पिल्लं सुटी होईपर्यंत जागा सोडत नाही. खायला गोड, राखणीला कडू. निवड चांगलीच होती. पण सरांनी पहिली खेप जाळंवाल्यांकडून मागवली. खवलं गेलेले, पर फाटलेले मासे आले आणि दोन दिवसांत टाकीत उलटे तरंगले. सर फोनवर म्हणाले, "ह्या जातीला टाकी सोसत नाही असं लिहून ठेव." जाळ्याने मारलेल्यांचा दोष जातीच्या नावावर! घरी सांगितल्यावर आई म्हणाली, "काकीला सांग. ती हाताने धरते."

काकी आली. पेणहून सकाळच्या गाडीने, झाकणाची बादली पायांशी धरून. मी तिच्याबरोबर असायचे. कासू, नागोठणे, निडी, दर स्टेशनात गाडी थांबली की झाकण काढून पाण्यात कोपरापर्यंत हात घालून फिरवायची, हवा मिसळावी म्हणून. पहिल्याच दिवशी समोरच्या बाकावरच्या एका कंपनीवाल्याने, शिफ्टला चालला होता बिचारा, चेष्टा केली, "काकी, मासे फिरायला नेतेस का?"

"फिराया नाय रं. शिकाया चाललेत," ती म्हणाली. "तू नाय शिकलास, ते तरी शिकतील."

डबा हसला. तोही हसला. बादलीतला एकही मासा वाटेत मेला नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

टाक्यांत पांढरी स्वच्छ खडी घातली होती, हवेची नळी होती, काच लखलखीत होती, आणि मासे कोपऱ्याला अंग लावून उभे. मध्ये दुसरा मासा सोडला तरी ढिम्म. रकान्यांत शून्य, शून्य, शून्य. सरांनी लिहायला सांगितलं, "आक्रमकता अत्यल्प." काकी टाकीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "घर कुठंय त्याचं?"

"ही टाकी म्हणजेच घर," सर म्हणाले.

"ही बादली हाय, काचेची. घर नाय तो भांडंल कशासाठी?"

दुसऱ्या दिवशी तिने पिशवीतून मंगलोरी कौलाचे तुकडे आणले, तिच्या गोठ्यावरून उतरवलेले. टाकीत एकेक आडवा ठेवला. तिसऱ्या दिवशी मासा कौलाखाली होता, अंग काळपट पडलेलं, आणि मी काचेजवळ बोट नेल्याबरोबर त्याने ते चावायचा प्रयत्न केला. मला इतका आनंद झाला! प्रकल्प त्या कौलाने वाचवला. अहवालात ते कौल "निवारा-संरचना, भाजलेली माती" म्हणून आहे. कुणाच्या गोठ्याचं ते नाही.

मग चाचणी सुरू झाली. पारदर्शक बरणीत एक परका कालुंदर घालून ती बरणी कौलापासून वीतभर अंतरावर सोडायची आणि दहा मिनिटं मोजायचं. सर त्या बरणीतल्याला "घुसखोर" म्हणायचे. बिचाऱ्याला आम्हीच बरणीत कोंडून परक्याच्या दारात नेऊन ठेवलेलं, आणि घुसखोर तो.

नियमाप्रमाणे निरीक्षक दोन हवेत. दुसरा मुलगा आठवड्यात सोडून गेला, त्याला गुजरातेत नोकरी लागली. सरांना शहरातून आणखी कुणाला आणायचं नव्हतं, तेव्हा काकीला म्हणाले, तुम्ही बसा. काकीने विचारलं, "काय करायचं?" मी म्हटलं, "मोजायचं." ती म्हणाली, "मग जमंल."

आता नीट ऐका, कारण सगळं इथेच आहे. सरांनी आम्हा दोघींना मोजायचं एकेक यंत्र दिलं. मुठीत मावतं, लोखंडी असतं, अंगठ्याने खटका दाबला की टक् होतं आणि आकडा एकाने पुढे सरकतो. काकीने दोनदा दाबून बघितलं आणि परत दिलं.

"ह्याला आवाज हाय. मासा ऐकतो."

सर हसले. "काकी, माशाला कान कुठे असतात?"

"नसतील. मग होडीत भांडं आपटलं का आम्ही शिव्या कशाला खातो?"

सर आणखी हसले, आणि मीही हसले. माशाला आतला कान असतो. मी परीक्षेत त्याची आकृती काढून नावं दिली होती, त्याचे पूर्ण गुण मिळाले होते. ते ज्ञान त्या क्षणी कुठे होतं? ते उत्तरपत्रिकेत होतं. उत्तरपत्रिका विद्यापीठात होती. मी सरांच्या बाजूला उभी होते, कारण हसणारी बाजू ती होती.

काकीने यंत्र घेतलं नाही ते नाहीच. ती ओटीत चिंचोके घेऊन बसायची. चावा झाला की एक चिंचोका मांडीवरच्या फडक्यावर. आवाज नाही, हालचाल नाही, फक्त बोटं. दहा मिनिटं संपली की फडक्याची पुरचुंडी बांधून माझ्याकडे द्यायची. मी टाकीचा नंबर आणि वार चिठ्ठीवर लिहून खणात टाकायचे आणि आकडा वहीत चढवायचे. सरांनी नाक मुरडलं पण चालवून घेतलं.

शास्त्राप्रमाणे दोघींनी एकाच वेळी एकच मासा बघायला हवा, म्हणजे कुणाची नजर चुकते ते कळतं. पण टाकीसमोर दुसरी खुर्ची मावत नव्हती. म्हणून सकाळी मी आणि दुपारी ती, असं ठरलं. खोली लहान होती म्हणून शास्त्र आखूड केलं. कोपऱ्यात एक कॅमेरा लावला होता, तो मात्र सगळा वेळ चालू असायचा. त्याचं चित्रण बघायला कुणाला वेळ नव्हता.

तीन आठवड्यांनी सरांनी वही उघडली. माझे चावे नऊ, बारा, चौदा. तिचे तिप्पट. एका दुपारचे तर एकोणचाळीस. तोच मासा, तेच कौल, तीच बरणी. सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मला विचारलं, "तू नीट बघतेस ना?" मी म्हटलं, "हो सर." झालं. दोघींपैकी एक नीट बघत होती, एवढं ठरलं. दुसरीचा निकाल आपोआप लागला.

मग तो मंगळवार. काकी बादली घेऊन नुकतीच आली होती, हातही पुसले नव्हते.

"हे एकोणचाळीस कसे आले?" सर म्हणाले.

"चावला तितके."

"बाजारात तुम्ही एका चिंचोक्याला पाच धरता म्हणे. इथेही तसंच करता का?"

पाचाचं त्यांना मीच सांगितलं होतं, गंमत म्हणून, चहा पिताना.

काकीने त्यांच्याकडे असं बघितलं जसं ती पिशवी न आणता आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघते. "बोंबील मेलेला असतो, सायेब. तो पाच-पाच उचलता येतो. जित्या माशाचा चावा पाचाने कसा उचलू? एक चावला, एक ठेवला."

"मग हिचे चौदा आणि तुमचे एकोणचाळीस कसे?"

"ते तिला विचारा. ती टकटक करीत बसते."

सर त्यावर ते वाक्य बोलले. तुम्ही खोटं मोजता. वर आणखी म्हणाले की अशिक्षित माणसाला आकडा मोठा दिसला की काम चांगलं झालं असं वाटतं, तो दोष त्यांचा नाही. मोठ्या मनाचे होते ना सर.

काकीने हात लुगड्याला पुसले. ओटीतले चिंचोके मुठीने काढून टेबलावर ठेवले, हळूच, मासे बिचकू नयेत म्हणून. नव्या बादलीतले मासे टाकीत सोडले, ते काम तिने पूर्ण केलं. बादली उलटी करून झटकली. मी पुटपुटले, "काकी, ती कौलं घेऊन जा तुमची." एवढंच सुचलं मला! ती म्हणाली, "राहू दे. त्यांचं घर हाय आता ते."

खाली उतरले तेव्हा दुकानवाले चाचा पाइप कापत होते. आखातात वीस वर्षं काढून आलेला माणूस, वरून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची खबर ठेवणारा. "काय झालं गो? ती बाय रडत गेली काय?"

"रडत नव्हती."

"रडली असती तर बरं होतं, पोरी. तोंड बघितलंस? तिकडं माझ्यावर मुकादमाने चोरीचा आळ घेतला ना, तेव्हा माझं तोंड असंच झालं होतं." मग करवत थांबवून त्यांनी विचारलं, "तू काय बोललीस?"

"मी काय बोलणार?"

"अच्छा," चाचा म्हणाले आणि पुन्हा पाइप कापायला लागले. इतका तुच्छ "अच्छा" मी तोवर ऐकला नव्हता. नंतरही नाही.

आता माझी दुसरी कर्तबगारी. घरी जेवताना मी हे सगळं सांगितलं, सरांचा आवाज काढून, चिंचोक्यांचे हातवारे करून. आई हसली नाही, पण तिने शेजारी सांगितलं. शेजारणीने भाजी घेताना सांगितलं. पुढच्या बाजारापर्यंत पेणमध्ये एवढंच उरलं होतं की काकीला रोह्याच्या शास्त्रज्ञांनी खोटं मोजते म्हणून काढलं, कॅमेऱ्यात पकडली. कॅमेऱ्यात! ज्या कॅमेऱ्याकडे कुणी ढुंकून बघितलं नव्हतं, तो साक्षीदार झाला.

मी त्या दिवशी बाजारात होते, मुद्दाम दोन जागा सोडून. एक बाई, वर्षानुवर्षं काकीकडून घेणारी, शेकडा बोंबील पिशवीत पडल्यावर क्षणभर थांबली. मग खाली बसली. पिशवी उलटी केली. मोजायला लागली. काकीचा हात पुढच्या गिऱ्हाइकाच्या पाचावर तसाच अधांतरी राहिला. रांगेतली एक पोरगेलीशी विक्रेती ओरडली, "काकी, नीट मोज हां, इथं क्यामेरा लावलाय!" आणि चार जणी हसल्या. बोंबील शंभर भरले. पूर्ण शंभर. ती बाई म्हणाली, "बरोबर हायेत," आणि शप्पथ सांगते, तिच्या आवाजात थोडी निराशा होती.

त्यानंतर सगळ्याच मोजायला लागल्या. मी वर म्हटलं ना, परत मोजण्यात कुणी अपमान समजत नाही. इथे समजावा लागतो. जिथे कधीच मोजलं जात नव्हतं तिथे मोजणं म्हणजे काय, ते रांगेतल्या प्रत्येकीला कळत होतं, म्हणून तर मोजत होत्या.

महिन्याभराने सरांनी मला सगळं चित्रण बघून वेळा लिहून काढायला सांगितलं. अहवाल तेव्हा पाठवून झाला होता. हे आपलं दप्तराला लावायला. मी कानांत इयरफोन अडकवून बसले. पहिली सकाळ माझी. मासा कौलाखालून तीरासारखा निघाला, बरणीला चावला. टक्. आणि मासा थांबला. पर मिटले. मागे सरकला, कौलाच्या कडेला उभा राहिला, कल्ले हलताहेत. अर्ध्या मिनिटाने पुन्हा आला, चावला. टक्. पुन्हा थांबला. मी तो तुकडा चार वेळा मागे नेला. माझं कोपर लोखंडी टेबलावर टेकलेलं दिसत होतं, त्याच टेबलावर टाकी. खटक्याचा धक्का अंगठ्यातून कोपरात, कोपरातून टेबलात, टेबलातून पाण्यात. दर चाव्यानंतर मी त्या माशाच्या घरावर टकटक करत होते आणि तो थंड आहे असं वहीत लिहीत होते.

मग काकीची दुपार लावली. पंख्याची घरघर, बाकी काही नाही. मासा आला, चावला, वळला, चावला, शेपटी मारली, पुन्हा चावला. मांडीवर बोटं हलतात एवढंच. मी थांबवत थांबवत मोजलं. एकोणचाळीस. खणातली पुरचुंडी सोडली. चिठ्ठीवर अक्षर माझंच. चिंचोके एकोणचाळीस. दुसरी पुरचुंडी, तिसरी, चौथी. एकही चुकली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी यंत्र खणात ठेवलं, ओढणीच्या टोकात चिंचोके घेऊन टाकीसमोर बसले. माझेही चावे तिच्याएवढे आले.

सर आले त्या दिवशी सगळं त्यांच्यापुढे मांडलं. त्यांनी चित्रण बघितलं, एकदा, मोबाइल बघत बघत.

"म्हणजे तुझी मोजणी चुकली असं तू म्हणतेस?"

"मोजणी नाही चुकली. मी माशाला घाबरवलं. काकीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"अहवाल गेलाय."

"परत पाठवू. तिला खोटी ठरवणारी ओळ तरी काढा."

"हे बघ," सर म्हणाले, आणि आवाज एकदम मऊ केला, ज्या आवाजात ते काकीशी बोलायचे त्याच, "पद्धत सगळ्यांना एक हवी. तिने ठरलेलं साधन वापरलं नाही. तिचा आकडा खरा असला तरी ग्राह्य नाही. तुला विज्ञान कळतं ना?"

विज्ञान मला कळलं. ती ओळ अजून तिथे आहे, मी स्वतः वाचली: दुसऱ्या निरीक्षकाची मोजणी अविश्वसनीय आढळल्याने वगळली आहे. खाली निष्कर्ष: पेणच्या खाडीतला कालुंदर स्वभावाने मवाळ. माझ्या कामाच्या प्रमाणपत्रावर "काटेकोर" असा शब्द आहे. म्हणजे भ्यालेला मासा मवाळ ठरला, त्याला भिववणारी काटेकोर, आणि गप्प बसून खरं मोजणारी खोटी. मी काम सोडलं. त्यात शौर्य काही नाही, मंगळवारी अकरा चाळीसला सोडलं असतं तर होतं.

पेणच्या बाजारात काकीपुढे जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. टकटक, कोपर, एकोणचाळीस. ती मान न उचलता कोळंबीचे वाटे लावत होती.

"मना म्हाईत होतं," ती म्हणाली. "तुला आता कळलं."

"आणि काकी, बाजारात ती गोष्ट माझ्यामुळे पसरली. मीच घरी सांगितली होती."

"तेबी म्हाईत होतं. तुझी आय येऊन सांगून गेली, रडली हितं बसून."

आईने मला हे सांगितलं नव्हतं.

"मी पत्रक काढते," मी म्हणाले. "सगळं लिहिते. सरांच्या अहवालासकट. शंभर प्रती काढते, बाजारात वाटते."

तिने पहिल्यांदा वर बघितलं. "कागद नको गो. कागदानेच झालं ना ह्ये? तुझा कागद वाचतील, त्याचा वाचतील, आन् मग माझ्यापुढं बसून मोजतील, कोणाचा खरा ते बघाया." ओटीतून चिंचोका काढून तिने फडक्यावर ठेवला, उगाच, सवयीने. "तुला काय करायचंय ना, तर उभी राहा. शेकडा घे. आन् न मोजता जा."

मी शेकडा घेतला. मागे तीच बाई उभी होती, पिशवी उलटी करणारी. मी पिशवीचं तोंड बांधलं, तिच्यादेखत, दोन गाठी मारल्या आणि निघाले. तिला काय वाटलं माहीत नाही. मागे वळून बघायचा मोह झाला, बघितलं नाही.

एक पिशवी बांधून झालेलं नुकसान भरत नाही. रांगेत अजून मोजतात. म्हणून तिने नको म्हटलेला कागद मी तरीही लिहिलाच, पण मोजणी कुणाची खरी ते ठरवायला नाही. ते ठरलेलं आहे. तुम्ही पेणला याल, नाहीतर पेणचेच असाल. खाडीकडच्या बायकांच्या रांगेत टोकाला जा. जिच्या मांडीवर फडकं आणि फडक्यावर चिंचोके दिसतील तिच्यापुढे थांबा. भावावरून हवं तेवढं भांडा, ती ऐकणार नाही. शेकडा घ्या, पिशवीचं तोंड तिथेच सगळ्यांसमोर बांधा. आणि मोजू नका. घरी गेल्यावरही मोजू नका.